दहा हजार लिटर हवा, छत्तीस कोटी कण

ओट्याचा ग्रॅनाइट कापायला बसलेला कारागीर बघता बघता धुरळ्यात दिसेनासा होतो. भीती वाटते ती त्या धुरळ्याची, पण जो दिसतो तो त्यातल्या त्यात बरा. शंभर मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून तीनेक सेकंदांत फरशीवर येतो. एक मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर उतरायला, हवा अगदी स्थिर असली तरी, पाच तास घेतो. आणि साइटवर हवा स्थिर असते कधी? सकाळी उडालेली धूळ दुपारी जेवतानाही तरंगतच असते. तोवर तोंडावरचा रुमाल सुटून खिशात गेलेला असतो. बांधलेला असता तरी त्याच्या विणीतली भोकं या कणांच्या कितीतरी पट मोठी.

अंगमेहनत करणारा माणूस आठ तासांत साधारण दहा हजार लिटर हवा ओढतो. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा एक अख्खा टँकर. अमेरिकेने २०१६ मध्ये दगडी धुळीतल्या स्फटिकी सिलिकाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरवली. म्हणजे कायदा पाळूनही पाळीभरात अर्धा मिलिग्रॅम आत जाणार. क्षुल्लक वाटतं ना? सगळे कण एक मायक्रॉनचे धरले तर त्या अर्ध्या मिलिग्रॅममध्ये सुमारे ३६ कोटी कण भरतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून वायुकोश असतात ४८ कोटींच्या आसपास.

बरेच कण उच्छ्वासाबरोबर परत जातात. पण दहातला एक जरी राहिला, तरी दिवसाला साडेतीन कोटी. त्यांना गिळायला आलेली पेशी पचवू न शकल्याने मरते, कण मोकळा होतो, पुढची पेशी येते. या झटापटीत फुप्फुसात व्रण साठत जातात. हाच सिलिकोसिस, आणि तो परत फिरत नाही. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, नगण्य. ग्रॅनाइटमध्ये ते पाव हिश्श्याच्या घरात. ओट्याला मात्र आपल्याला ग्रॅनाइटच लागतो.

मग मास्क. एन-९५ची गाळणी तीन दशांश मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवते. त्याहून भारी गाळणी ९९.९७ टक्के, म्हणजे हिशेबाने तीन हजार पटींहून जास्त संरक्षण. पण अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला, गाळणी कुठलीही लावा, अमेरिकी नियम फक्त दहा पट मोजतात! बाकीचं नाकाच्या बाजूच्या फटीतून, चार दिवसांच्या खुंटांमधून गळून जातं. कोरड्या कटिंगची धूळ मर्यादेच्या पन्नास पट असेल, तर नीट बसलेल्या मास्कच्या आतही ती पाच पट उरते. म्हणून आधी पात्यावर पाणी, मग मास्क.

रंगकामातल्या थिनरच्या वाफेपुढे तर ही गाळणी काहीच कामाची नाही. तिथे सक्रिय कोळशाचं काडतूस लागतं. त्या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग उलगडला तर हजारेक चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे जमीन झाकेल. ती छिद्रंही भरतात, मग काडतूस बदलावंच लागतं.

पुन्हा दगडाकडे यायचं तर, कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात सिलिका ९० टक्क्यांवर असू शकतं. ऑस्ट्रेलियाने पाणी, पंखे, मास्क असे सगळे नियम करून पाहिले आणि १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली.