पंच चुकला तर काय करायचं?

आज बोलायचंय पंचांबद्दल. ग्रामपंचायतीतल्या नव्हे, खेळाच्या मैदानातल्या पंचांबद्दल. शिटी तोंडात धरून उभा असतो, हात वर करून गुण देतो आणि ज्याच्यावर दोन्हीकडची माणसं एकाच वेळी ओरडतात, तो पंच.

हा विषय बायकांचा कसा, असं कुणी म्हणेल. तर तो आता आपलाच झालाय. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा जिंकली. तेव्हापासून कितीतरी घरांतल्या पोरी तालमीत जायचं म्हणतात. पोरगी खेळायला लागली की आई मॅटच्या कडेला येऊन बसते. आणि तिथं बसलं की पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हा गुण त्यानं तिला का दिला आणि माझ्या पोरीला का नाही?

प्रश्न साधा नाही. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यालाही ठरावीक स्पर्धांमधला नंबर लागतो. म्हणजे एका गुणानं नंबर गेला, तर त्यामागं बरंच काही जाऊ शकतं. मुलीच्या बाबतीत तर आणखी एक धोका असतो. एकदा अन्याय झाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "बघितलंस ना? आता बास झालं खेळणं." पंचाची एक चूक पोरीचा खेळ कायमचा बंद करू शकते.

आता सगळ्या खेळांत पंचाचं काम सारखं नसतं, हे आधी समजून घेऊ. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. तिचा वेळ घड्याळानं मोजला. घड्याळाला ना गाव, ना नातं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिथं बाण दोन रंगांच्या रेषेवर लागला तर पंच जवळ जाऊन बघतो, रेषेला शिवला असेल तर जास्तीचा गुण देतो. बाण जागेवरच रुतलेला असतो, त्यामुळं नीट बघायला सवड मिळते. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य मिळवलं. त्या खेळात तीन पंच असतात. वजन बरोबर उचललं तर पांढरा दिवा, नाही तर लाल. तिघांपैकी दोघांचा दिवा पांढरा लागला की ते वजन धरलं जातं. एकाची नजर चुकली तर बाकीचे दोघं सावरतात.

कुस्ती या सगळ्यांत अवघड. दोन अंगं एकमेकांत गुंतलेली, डाव पापणी लवायच्या आत होतो आणि मागं खूण काही राहत नाही. म्हणून मॅटवरच्या कुस्तीतही तिघं असतात. मॅटवर फिरणारा रेफ्री, कडेला बसलेला जज आणि टेबलावरचा मॅट चेअरमन. गुण द्यायला तिघांपैकी दोघांचं एकमत लागतं.

गुणांचा हिशोबही समजून घ्या, म्हणजे कडेला बसून नुसतं घाबरायला होणार नाही. प्रतिस्पर्ध्याला मॅटच्या बाहेर काढलं तर एक गुण. पट काढून किंवा दुसऱ्या डावानं खाली पाडून ताबा घेतला तर दोन. उभ्यानं टाकलेल्या डावात समोरच्याची पाठ थेट मॅटकडे वळली, तर चार. पाठ अशी मॅटकडे वळणं म्हणजे 'धोक्याची स्थिती'. आणि दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला टेकवून दाबून धरले तर चितपट. मग गुण कितीही असोत, कुस्ती तिथंच संपली.

आता बघा, दोन आणि चार यांच्यात फरक कशाचा? पडताना पाठ वळली होती की अंग एका कुशीवरच होतं, एवढाच. आणि ते ठरवायला पंचाला क्षणभरच मिळतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत वाद झाला तो नेमका यावरच. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, असं त्याच्या बाजूच्यांचं म्हणणं. पुढं तो व्हिडिओ घरोघरी मोबाइलवर फिरला आणि जो तो पंच झाला. प्रकरण इतकं चिघळलं की एका पंचाला फोनवर धमकी आली आणि पोलिसांत तक्रार झाली. सिकंदरनं मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा उतरून महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला याहून वाईट झालं. पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. शिवराजचं म्हणणं होतं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ बघा. वाद वाढला आणि शिवराजनं पंचाला लाथ मारली. पुढं अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर कुस्तीगीर संघानं तीन वर्षांची बंदी जाहीर केली. इथं एक गोष्ट आपल्या पोरांना सांगायला हवी. पंच चुकला होता की नाही, हा प्रश्न त्या लाथेखाली गाडला गेला. लोकांच्या लक्षात राहिली ती लाथ.

मग गप्प बसायचं का? नाही. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गप्प बसले नव्हते. १९५२ च्या ऑलिंपिकसाठी निवड चालू असताना आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली, असं सांगितलं जातं. मग गावानं आणि शिक्षकांनी पैसे उभे केले, तेव्हा खाशाबा हेलसिंकीला पोचले. तिथं त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

पण हेलसिंकीतही एक गोष्ट घडली. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत रशियाच्या पैलवानापुढं उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्या वेळी तिथं आपला एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. म्हणजे नुसता नियम असून भागत नाही, तो वेळेवर बोलून दाखवणारं माणूस जवळ लागतं. आपल्या पोरीजवळ ते माणूस आहे का, हे आपण बघायला हवं.

आज त्यासाठी मॅटच्या कुस्तीत 'चॅलेंज'ची सोय आहे. निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक लगेच मॅटवर स्पंजचा तुकडा टाकतो. मग व्हिडिओ बघतात. म्हणणं खरं निघालं तर गुण बदलतो. खोटं निघालं तर समोरच्याला एक गुण जातो आणि त्या कुस्तीत पुन्हा चॅलेंज करता येत नाही. म्हणून ते रागाच्या भरात टाकायचं नसतं. आणि हे सगळं कुस्ती चालू असतानाच करावं लागतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं कुस्ती संपल्यावर अर्ज करून निकाल फिरत नाही.

पण कॅमेरा आला म्हणजे भांडण मिटलं, असंही समजू नका. अमेरिकेत त्यांचा फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. चेंडू हातात घेऊन पळतात, एकमेकांना धडका देतात. पैसा अफाट, कॅमेरे ढीगभर आणि मैदानावर पंच किती, तर सात. तरी जानेवारी २०१९ मध्ये एका महत्त्वाच्या सामन्यात चेंडू हातात यायच्या आधीच खेळाडूला धडक दिली गेली आणि एकाही पंचानं ती चूक धरली नाही. न्यू ऑर्लिन्सचा संघ हरला, शहर पेटून उठलं. पुढच्या हंगामात असे निर्णय व्हिडिओवर तपासायची मुभा दिली. एका वर्षात ती मागंही घेतली. कारण काय झालं हे कॅमेरा दाखवतो, पण ते नियमात बसतं की नाही हे ठरवायला शेवटी माणूसच लागतो. तिथंही एकमत होईना.

त्याच अमेरिकेत २०१२ मध्ये मालकांचा आणि पंचांचा पगारावरून वाद झाला. मालकांनी नेहमीच्या पंचांना बाहेर ठेवलं आणि कमी अनुभवाचे बदली पंच आणले. एका सामन्यात शेवटच्या क्षणाला शेजारी उभ्या असलेल्या दोन पंचांनी दोन वेगळ्या खुणा केल्या. देशभर हसं झालं आणि दोनच दिवसांत जुन्या पंचांशी समझोता झाला. चांगला पंच शिक्षणानं आणि अनुभवानं तयार होतो. त्याला मान आणि मोबदला द्यावाच लागतो. आपल्या जत्रेच्या फडात इनामाला लाख रुपये गोळा होतात. पंचाला मात्र नारळ आणि टॉवेल देऊन मोकळं होतो. याचा विचार व्हायला हवा.

मग आपण घरच्यांनी काय करायचं? चार गोष्टी सांगते.

पहिली, स्पर्धेआधी विचारून घ्या. कुस्ती मातीवर की मॅटवर, निकाल चितपटवर की गुणांवर, चॅलेंज आहे का? ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई खेळांच्या कबड्डी फायनलमध्ये भारत आणि इराणचा सामना तासभर अडून राहिला, तो जुना नियम लावायचा की नवा यावरून. जगाच्या पातळीवर असं होतं, तर तालुक्याला होणारच.

दुसरी, पंच कोण आहे बघा. एखाद्या पैलवानाचा वस्ताद किंवा नातेवाईक त्याच्याच कुस्तीला पंच नको. हे जोड लागायच्या आधी नम्रपणे सांगायचं. हरल्यावर सांगितलं तर ती रड वाटते.

तिसरी, मॅटच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी मोबाइलवर कुस्ती टिपून ठेवा. एका बाजूनं खांदा टेकलेला दिसतो, दुसऱ्या बाजूनं खाली फट दिसते. पंचाचीही अडचण तीच असते. तो बिचारा एकाच बाजूला उभा असतो. आणि टिपलेलं ते प्रशिक्षकाला दाखवायचं, शिव्या घालून गावभर पाठवायचं नाही.

चौथी आणि माझ्या मनातली गोष्ट. पोरींनी पंचही व्हावं. ज्या मुली राज्यापर्यंत खेळल्या आणि लग्नानंतर घरी बसल्या, त्यांना डाव कळतो, नियम कळतात. त्यांनी पंचांच्या परीक्षा द्याव्यात. अमेरिकेच्या त्या धडकाधडकीच्या खेळात २०१५ मध्ये सारा थॉमस ही पहिली कायमची महिला पंच झाली आणि २०२१ मध्ये त्यांच्या सगळ्यात मोठ्या सामन्यात ती उभी राहिली. आपल्या फडात हलगी वाजत असताना शिटी एखाद्या लेकीच्या तोंडात का नसावी?

आणि पोरगी हरून घरी आली, पंच चुकलाय हे तुम्हाला दिसलं, तर तिला खोटं सांगू नका. "चुकला तो," असं म्हणा. पण त्याच दमात हेही सांगा, की उद्या पहाटे तालीम आहे. एप्रिल २०२२ ला साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती पृथ्वीराज पाटीलनं ५-४ अशी एका गुणानं जिंकली. एका गुणाचं अंतर असलं की पंचाचा हात फार मोठा वाटतो. अंतर जितकं वाढवू, तितका तो हात लहान होतो. पंच सुधारावेत म्हणून आपण मोठ्यांनी भांडायचं आणि पोरीनं आपली ताकद वाढवत राहायची. दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवू.

तुमच्या गावात कुणी मुलगी पंच म्हणून काम करत असेल, तर आम्हाला जरूर कळवा. तिला इथं बोलावू, तिच्याच तोंडून ऐकू. आज एवढंच. नमस्कार.