घरातला दुभाष्या

लोणावळ्यात पाऊस लागला की आधी डोंगर दिसेनासे होतात, मग वीज जाते. वीज परतली तरी इंटरनेट परतेलच, याचा भरवसा नसतो. मावळातल्या भातशेतीची टिपणं इंग्रजीत करून द्यायचं काम मी इथेच बसून करतो. गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या टेबलावरचा संगणक या कामात कसा सोबती झाला, ते आज आठवतंय.

2013मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली. पुढे मी लिनक्सवर ‘ट्रान्सलेट-शेल’ बसवलं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की खाली इंग्रजी वाक्य हजर! पण भाषांतर व्हायचं दूरच्या सर्व्हरवर. नेट गेलं की कामही अडायचं.

ही अडचण सुटली ती 2023मध्ये. आयआयटी मद्रासच्या ‘एआय फॉर भारत’ने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषांसाठी ‘इंडिकट्रान्स2’ हे भाषांतराचं मॉडेल खुलं केलं. त्याची 20 कोटी पॅरामीटरची छोटी आवृत्ती ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरच्या संगणकावरही नेटशिवाय चालते, फक्त जरा सावकाश.

बसवताना आधी पायथनचं स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट केलं, मग ‘पिप’ने एकेक पॅकेज घेतलं. आवृत्त्या जुळवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी मॉडेल डिस्कवर उतरलं. मी राउटर बंद केला आणि एक वाक्य दिलं. काही क्षण कर्सर नुसता लुकलुकत राहिला, मग इंग्रजी ओळ उमटली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि काम चालू होतं. तो आनंद अजून ताजा आहे.

फार पूर्वी एका ऑनलाइन सेवेला मी लिहिलं होतं, ‘चिखलणी झाली, उद्या लावणी.’ तिने लावणीचा नाच केला होता. तेव्हापासून मी एक साधी फाइल ठेवली आहे: खाचर, चिखलणी, लावणी, झोडणी. प्रत्येक शब्दापुढे एक पूर्ण वाक्य आणि त्याचं इंग्रजी. इंद्रायणी तांदळाचं वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलं, पण तो पिकवणाऱ्यांची बोली छापील मजकुरात फारशी उतरलेली नाही. यंत्राला दिसतील तेवढेच शब्द ते शिकणार.

मॉडेल खुलं आहे, अशा वाक्यजोड्या देऊन त्याला पुढे शिकवता येतं. म्हणून दर पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, बांधावर ऐकलेली वाक्यं मी त्या फाइलीत उतरवतो. यंत्र घरात आलं, आता घरची भाषा त्याला आपणच शिकवायची आहे.