नावाची मिळकत आणि मातीचा वाटा

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा परीक्षेच्या दिवसांतही आमचे विद्यार्थी चित्रपटगृहापुढे रांगा लावून उभे होते. नायिका अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू, परिसर करमाळ्याचा, संवाद आपल्या बोलीतले. शंभर कोटींच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. पुढे जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक पाहावे असे आहे.

2017 साली ही कथा ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडमध्ये गेली. तेथेही नायिका रिंकूच होती. पंजाबीतही ती गेली. जुलै 2018 मध्ये धर्मा प्रॉडक्शन्स व झी स्टुडिओज यांनी ती ‘धडक’ म्हणून हिंदीत आणली. करमाळ्याच्या जागी उदयपूर आले आणि कथेचा कणा असलेला जातीचा प्रश्न श्रीमंत राजकारणी बापाच्या प्रतिष्ठेआड झाकला गेला. ऑगस्ट 2025 मध्ये ‘धडक 2’ आला. त्याच्या कथेचा ‘सैराट’शी काहीही संबंध नाही, ती मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या 2018 च्या तमिळ चित्रपटावरून घेतलेली आहे. (तीत जात ठळकपणे परतली, हे मात्र मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.)

म्हणजे नाव कथेपासून सुटे झाले आणि स्वतःच मिळकत बनले. अशा मिळकतीच्या मशागतीसाठी परदेशात स्वतंत्र खातीच उघडली जातात. बॅटमन-सुपरमॅनच्या कथांसाठी वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने 2022 मध्ये ‘डीसी स्टुडिओज’ स्थापन केला. हिशेब साधा आहे. अनोळखी चित्रपटाची ओळख करून देण्यास पैसा लागतो. ओळखीचे नाव तो खर्च वाचवते आणि जोखीमही कमी करते. व्यापाऱ्याने असे करण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो या बचतीत वाटा कोणाचा, हा.

सोलापूरकराला हा प्रश्न परका नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरचा माल त्या नावावर खपतोच, परंतु निदान येथील विणकराला कायद्याने दाद मागता येते. चित्रपटाचे नाव निर्मात्याच्या मालकीचे असते. ज्या बोलीने आणि ज्या केळीच्या बागांनी पहिल्या चित्रपटाला रूप दिले, त्यांच्याशी कोणाचा करारच झालेला नसतो.

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. पुनर्निर्मितीचे हक्क विकले गेल्यास त्या रकमेचा ठरावीक हिस्सा लेखक-दिग्दर्शक व स्थानिक कलावंतांना मिळावा, अशी एक अट त्या नियमांत घालणे अशक्य नाही. अशाने भांडवल मराठीकडे फिरकणार नाही, असा आक्षेप निघेल. बहुतेक मराठी चित्रपटांची घातलेली रक्कमही वसूल होत नाही, हे खरेच. परंतु ज्याचे हक्क विकलेच गेले नाहीत, त्याच्याकडे ही अट काही मागत नाही.