एका रेषेचा चेहरा

फ्रेंच कोरीवकार क्लोद मेलाँ यांनी १६४९ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर येशू ख्रिस्ताचा चेहरा कोरला. क्रूस वाहून नेणाऱ्या येशूचा चेहरा वेरोनिकाने आपल्या वस्त्राने पुसला आणि तो त्या वस्त्रावर उमटला, अशी ख्रिस्ती परंपरेतली कथा आहे. चित्राचा विषय तोच. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या या चित्रात डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट, रक्ताचे थेंब असे सगळे काही आहे आणि ते सगळे एकाच रेषेने घडले आहे. ही रेषा नाकाच्या शेंड्यावरून निघते आणि गोल गोल फिरत बाहेर जाते. ती स्वतःला कुठेही छेदत नाही. सावली हवी तिथे ती जाड होते, उजेड हवा तिथे बारीक.

धातूवर हाताने कोरायला शिकणाऱ्याने सगळ्यात आधी हे चित्र बघावे, असे मला मनापासून वाटते. या कलेतले शिकण्यासारखे बहुतेक सारे त्या रेषेत आहे.

रेषा जाड होते ती खोलीमुळे. कोरणी म्हणजे चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या छेदाची पोलादी सळई. तिचे टोक तिरपे, साधारण ४५ अंशांत घासलेले असते. त्यामुळे तिची चर इंग्रजी व्ही अक्षरासारखी पडते. कोरणी जितकी खोल जाईल तितकी चर रुंद होते, छापताना तीत शाई जास्त मावते आणि कागदावर रेषा ठसठशीत उमटते. कोरणीची लाकडी मूठ तळहातात बसते आणि जोर तिथूनच लागतो. बोटे फक्त दिशा सांभाळतात. कोरणी फार उभी धरली तर टोक धातूत रुतून तुटते, फार आडवी धरली तर घसरते. घसरणारी कोरणी हातात खोल घुसते, म्हणून दुसरा हात तिच्या वाटेत कधीही ठेवू नये.

बहुतेक नवशिक्यांचा दोष हातात नसून धारेत असतो. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहावे: ते नखात अडले तर धार आहे, सरकले तर पुन्हा दगडाकडे जावे. बोथट कोरणीला जोर जास्त लागतो आणि जास्त जोर म्हणजे घसरण. दिवसाचा अर्धा वेळ धार लावण्यात गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

आता वळणाविषयी. वळण घेताना हात फिरवायचा नसतो, पत्रा फिरवायचा असतो. जुने कोरीवकार यासाठी पत्र्याखाली वाळू भरलेली चामड्याची उशी ठेवत. आज अनेक जण गोल फिरणारा शिकंजा वापरतात. एक हात कोरणी पुढे ढकलतो, दुसरा पत्रा तिच्याकडे वळवत आणतो. मेलाँच्या सर्पिलातली प्रत्येक फेरी या दोन हातांच्या मेळातून आली आहे. तो मेळ जमायला वेळ लागतो आणि त्याला आडवाट नाही.

कोरताना चरीच्या दोन्ही बाजूंना धातूची बारीक कड वर येते. ती त्रिधारी पात्याने खरवडून काढावी. चूक झाली तर उथळ रेष घोटून बुजवता येते. ती खोल गेली असेल तर मात्र खरवडून, पत्रा मागून ठोकून वर आणावा लागतो.

छापण्यासाठी कोरायचे तर सगळे उलटे कोरावे लागते, अक्षरेसुद्धा. मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. देवनागरीची वेलांटी, उकार, जोडाक्षरे धातूत उलटी उतरवणाऱ्या त्या कारागिरांची चिकाटी आपल्या मुद्रणाच्या इतिहासात मोठ्या मानाने सांगितली पाहिजे.

मेलाँ यांनी हा चेहरा कोरला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. त्याआधी, १६३० च्या दशकात, त्यांनी गासेंदी आणि पेरेस्क या विद्वानांसाठी दुर्बिणीतून दिसणारा चंद्र कोरला होता. तिथेही खड्ड्यांच्या सावल्या रेषांच्या जाडीतूनच साधल्या आहेत.

शिकणाऱ्यांनी सुरुवातीला फुले-पाने, नावे यांच्या मागे लागू नये. तांब्याचा किंवा पितळेचा साधा तुकडा घ्यावा, त्यावर समांतर सरळ रेषा काढाव्यात, मग बारीक सुरू होऊन मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा बारीक होणाऱ्या रेषा, मग वर्तुळे. मेलाँच्या या चित्राचे ठसे जगातल्या अनेक संग्रहालयांत आहेत आणि त्यांची मोठी छायाचित्रे सहज पाहता येतात. त्यातले नाक मोठे करून बघा आणि तिथून रेषेच्या मागोमाग जा.