ओम्नीचा अडलेला सरकता दरवाजा

१९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेल्या, पुढे ओम्नी हे नाव मिळालेल्या आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेल्या गाडीचा सरकता दरवाजा वर, खाली आणि मध्यभागी अशा तीन ठिकाणी रोलरवर, म्हणजे पन्हळीतून धावणाऱ्या लहान चाकांवर, पेललेला असतो. यांपैकी मधली पन्हळ मागच्या पत्र्यावर बाहेरून उघडी असल्याने सोलापूरसारख्या कोरड्या, धुळीच्या भागात तिच्यातील जुन्या ग्रीसवर धूळ बसून घट्ट लगदा होतो आणि दरवाजा अर्ध्यावर अडतो. अशा वेळी तो हिसडून ओढणे हा सर्वांत वाईट उपाय होय (आणि दुर्दैवाने सर्वांत प्रचलितही), कारण त्याने रोलर धरणारी पट्टी वाकते. रॉकेल ज्वालाग्राही आणि इंजिन पुढच्या आसनाखाली असल्याने इंजिन थंड असतानाच रॉकेलने व ब्रशने पन्हळ धुऊन कोरडी पुसावी, रोलर बोटाने फिरवून पाहावा, झिजला असल्यास बदलावा आणि नव्या ग्रीसचा हात पातळच फिरवावा. पन्हळ स्वच्छ असूनही दरवाजा उघडत नसेल, तर दोष बहुधा हँडलची ओढ कुलपापर्यंत नेणाऱ्या सळईत असतो. तेव्हा आतले पॅड काढून तिची क्लिप निसटली आहे का, हे तपासावे लागते.