आजोळीं राहण्याचा परवाना

‘आजोळ’ या शब्दांत जो ओलावा आहे, तो दुसऱ्या शब्दांत क्वचितच सांपडेल. सुटी लागली कीं ट्रंक उचलावी आणि आजीच्या दारांत जाऊन उभें राहावें. तेथें ‘कां आलीस?’ असें कोणी विचारीत नाहीं आणि ‘किती दिवस राहणार?’ असेंहि विचारीत नाहीं. परंतु आजोळ ज्या देशांत आहे त्या देशाचें नागरिकत्व नातीजवळ नसेल, तर हे दोन्ही प्रश्न तिला ऐकावे लागतात. मात्र ते आजी विचारीत नाहीं, सरकार विचारतें.

आमच्या परिचयाच्या पुण्यांतील एका घरांत हा अनुभव नुकताच आला. घरांत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीबाई एकट्याच. त्यांची मुलगी शिक्षणासाठीं अमेरिकेस गेली, तेथील एका गृहस्थाशीं विवाहबद्ध झाली आणि पुढें तिनें तेथील नागरिकत्वहि घेतलें. त्यानंतर तिला कन्या झाली. आजीबाईंचा न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें, तेव्हां ही चोवीस वर्षांची नात प्रवासी व्हिसा काढून धांवत आली. कांहीं आठवड्यांनीं आजीबाई काठी टेकीत चालूं लागल्या. नातीचें मोडकें मराठीहि सुधारलें. इतक्यांत एका खासगी संस्थेनें तिला इंग्रजी शिकविण्याची नोकरी देऊं केली. ‘आतां ही येथेंच राहणार,’ असें आजीबाईंनीं शेजारींपाजारीं सांगूनहि टाकलें.

येथेंच अडचणीस सुरुवात झाली. प्रवासी व्हिसावर आलेल्या परकीयास या देशांत नोकरी करतां येत नाहीं. ‘अहो, पण हिची आई याच वाड्यांत जन्मली!’ हें आजीबाईंचें म्हणणें भावनेच्या दृष्टीनें बिनतोड असलें, तरी कायद्यापुढें तें तसेंच्या तसें टिकत नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाचा व नागरिकत्वाच्या कायद्याचा रोख असा, कीं जो आपण होऊन परदेशाचें नागरिकत्व घेतो त्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. आईचें नागरिकत्व मुलीच्या जन्मापूर्वींच संपलें होतें. मग वारशानें तें मुलीला मिळणार कोठून?

अशा कुटुंबांसाठीं सरकारनें एक मधला मार्ग ठेवला आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यांत पुढें कलम ७ अ घालण्यांत आलें आणि २००६ पासून ‘ओ. सी. आय.’ या नांवाचें कार्ड मिळूं लागलें. पूर्वींचें ‘पी. आय. ओ.’ कार्ड २०१५ च्या जानेवारींत यांतच विलीन झालें. २६ जानेवारी १९५० रोजीं किंवा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता, त्याच्या मुलांस, नातवंडांस व पतवंडांस हें कार्ड मागतां येतें. अपवाद पाकिस्तान व बांगलादेश यांच्याशीं नागरिकत्वाचा संबंध असलेल्यांचा. या बाबतींत कायदा बाप व आई असा भेद करीत नाहीं, हें आमच्या भगिनींनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण १० डिसेंबर १९९२ पूर्वीं परदेशांत जन्मलेल्या मुलास वंशानें मिळणारें नागरिकत्व केवळ बापाकडूनच येत असे.

मार्ग होता, पण तो पुण्याहून सुरू होत नव्हता. प्रवासी व्हिसावर आलेल्या माणसास या कार्डाचा अर्ज भारतांत राहून करतां येत नाहीं. नात परत गेली. आजीबाई दारापर्यंत काठी टेकीत आल्या, आणि ‘एका कागदासाठीं लेकराला समुद्रापलीकडे पाठवितात,’ एवढेंच बोलल्या.

पुढची परीक्षा आईची होती. तिनें अमेरिकेचें नागरिकत्व घेतलें खरें. परंतु भारतीय नागरिकत्व सोडल्याचें प्रमाणपत्र घेतलेंच नव्हतें. त्यासाठीं जुना भारतीय पासपोर्ट हवा, आणि तो कोठें ठेवला याची तिला आठवण नव्हती! शेवटीं तो आजीबाईंच्या लोखंडी कपाटांत, लग्नांतल्या शालूच्या घडीखालीं निघाला. त्यावर नांव माहेरचें, अमेरिकन कागदांवर सासरचें. म्हणून विवाहाचा दाखलाहि जोडावा लागला. अर्जाची फी २७५ डॉलर भरली, आणि कार्ड हातीं येईतों सात महिने गेले. तोंपर्यंत पहिली नोकरी दुसऱ्या कोणास मिळाली होती. नात मात्र आली, आणि पुढें तिला दुसरें काम मिळालें.

या कार्डानें काय मिळतें? जन्मभर वाटेल तितक्या वेळां येण्याची, कितीहि काळ राहण्याची आणि वेगळा नोकरीचा व्हिसा न काढतां खासगी नोकरी वा व्यवसाय करण्याची मुभा. मात्र २०२१ च्या सरकारी अधिसूचनेप्रमाणें वृत्तपत्रव्यवसाय, संशोधन, धर्मप्रसार व गिर्यारोहण यांकरितां खास परवानगी काढावी लागते. आणि येथें कायम राहणाऱ्यानें पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास परकीय नोंदणी कचेरीस ई-मेलनें कळवावें लागतें. मताचा अधिकार नाहीं, सरकारी नोकरी सामान्यतः नाहीं. कोंकणांत आंब्याची बाग विकत घ्यावी म्हटलें तर शेतजमीन खरेदी करतां येत नाहीं. वारशानें आली तर गोष्ट निराळी. सारांश, नांवांत ‘नागरिक’ असलें तरी हें नागरिकत्व नव्हे. तें हवेंच असेल, तर कार्ड मिळून पांच वर्षें झालीं पाहिजेत, अर्जापूर्वींचे बारा महिने भारतांत वास्तव्य पाहिजे, आणि परदेशाचें नागरिकत्व सोडण्याची तयारी पाहिजे.

आज आपल्या पुष्कळ घरांतील एक तरी मूल परदेशांत असतें. ‘आपलींच तीं, केव्हांहि येतील,’ या भरंवशावर आईबाप स्वस्थ असतात. आमची त्यांस विनंति एवढीच, कीं जुने पासपोर्ट, जन्माचे व शाळा सोडल्याचे दाखले, विवाहाचीं प्रमाणपत्रें हीं रद्दी समजून टाकूं नयेत. आणि परदेशस्थ मुलांनीं आपल्या लेकरांचें कार्ड निकड पडण्यापूर्वींच काढून ठेवावें. आजीचें हाड मोडण्यापूर्वीं ती कांहीं सूचना देत नाहीं.

परवां आम्ही त्या घरीं गेलों होतों. नात कामावरून आली, तिनें चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरांत जाऊन आधण ठेवलें. आजीबाईंनीं तें कार्ड आम्हांस दाखविलें आणि पुन्हा कपाटांत, त्याच शालूच्या घडीखालीं नेऊन ठेवलें.