बिऱ्हाड कुणाचं हलवायचं?

या रे बाळांनो, टाकीभोवती बसा. काचेला हात लावायचा नाही. उद्या पंचगंगा घाटाजवळची ही जागा सोडून आपण सिगऱ्याच्या नव्या घरी जायचं. कपाटं रिकामी झाली, देव बांधून झाले, राहिली ती ही टाकी. तुमची आई म्हणते, चार माणसं लावून भरलेलीच उचलू. तिला म्हणावं, आधी हिशेब कर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, आत फूटभर पाणी. म्हणजे साधारण 56 लिटर. लिटरभर पाणी एक किलो भरतं, वर वाळू आणि दगड वेगळेच. आपल्या गल्लीत ठेलासुद्धा शिरत नाही. सगळं खांद्यावरून न्यायचं, आणि पाणी हिंदकळलं की काचेचा सांधा उकलतो. तेव्हा टाकी रिकामी करूनच जाणार.

"मग मासे गंगेत सोडूया ना आजोबा, पुण्य लागेल!" असं कोण म्हणालं? तू होय. नाही सोडायचे. हे झेब्रा मासे आणि ते मधाच्या रंगाचे गोरामी याच नदीच्या खोऱ्यातले आहेत, हे खरं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचा स्कॉटिश डॉक्टर गंगेच्या फाट्याफाट्यांवर मासे गोळा करत हिंडला आणि 1822 साली त्याने त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ छापला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जो झेब्रा मासा असतो, त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा त्याच ग्रंथात आलं. सोव्हिएत रशियाने 1976 मध्ये सॅल्यूत-5 या अंतराळस्थानकावर झेब्रा मासे नेले होते, त्यापुढे आपलं सिगरा म्हणजे शेजारची आळी! पण आपले मासे पिढ्यान्पिढ्या टाकीत वाढलेले. कोणता रोग त्यांच्या अंगात असेल, सांगता येत नाही. आणि 2020 साली वाराणसीजवळ कोळ्यांच्या जाळ्यात काय सापडलं, ठाऊक आहे? अंगावर चिलखत असलेला, दक्षिण अमेरिकेतला सकरमाऊथ कॅटफिश. तोही अशाच कुणाच्या तरी घरच्या टाकीतून सुटलेला असावा. असलं पुण्य नको.

मासे पिशवीत जातील. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. उलट नाही हं! पाण्यातला प्राणवायू थोडका असतो, तो वरच्या हवेतून भरून यावा लागतो. गोरामीची तर गंमतच आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचं एक इंद्रिय असतं. तो वर येऊन तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू तिथे शोषतो. पिशवी काठोकाठ भरलीत तर हा मासा पाण्यात असून गुदमरेल. वर कापड टाकून अंधार करायचा, म्हणजे ते बिथरत नाहीत. थंडी आहे, म्हणून पिशव्या थर्मोकोलच्या डब्यात.

एवढं झालं की माशांचं काम संपलं. ते सोपंच असतं. अवघड काम दुसऱ्यांचं आहे, आणि ते तुम्हाला दिसत नाहीत.

आपल्या घाटाला पंचगंगा का म्हणतात? गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. या पाच नद्या इथे मिळतात म्हणे. अहिल्याबाईंच्या हजार दिव्यांच्या दगडी दीपस्तंभाजवळ उभं राहून पाहा, दिसते एकटी गंगा. टाकीचंही तसंच. दिसतात मासे, पण तिचं सगळं चालतं न दिसणाऱ्यांच्या जिवावर.

मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. बंद टाकीत हे विष साठत जातं. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही वाईटच, ते रक्तात गेलं की रक्त तपकिरी होतं आणि मासा भरपूर हवेतसुद्धा घुसमटतो. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी, शिवाय वनस्पतींना लागतंच. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये या जिवाणूंचा छडा लावला. यांना ऊन नको, अन्नही नको. अमोनिया जाळून मिळणाऱ्या शक्तीवर ते कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधतात. सव्वाशे वर्षं सगळे समजत होते की हे दोन टप्पे दोन निराळ्या जमातीच करतात. 2015 मध्ये दोन गटांनी दाखवलं की नायट्रोस्पायरा नावाचा एकच जिवाणू दोन्ही टप्पे पार पाडू शकतो. त्यातल्या एका गटाला तो कुठे मिळाला? मासे वाढवण्याच्या यंत्रणेतल्या गाळणीत!

आणि ते राहतात कुठे? पाण्यात नव्हे. जुनं पाणी जपून नेणारे लोक पाहिले की मला हसू येतं. जिवाणू चिकटलेले असतात ते फिल्टरच्या स्पंजला आणि वाळूच्या कणाकणाला. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना जवळजवळ दिवस लागतो. एकदा मेले की टाकी पुन्हा मार्गी लागायला काही आठवडे जातात. नव्या घरी पोचल्यावर कुणी हौसेने स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर क्लोरीन त्यांना मारतं, आणि पुढच्या आठवड्यात मासे पटापट मरायला लागतात. मग लोक म्हणतात, वास्तू बाधली.

म्हणून स्पंज टाकीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवायचा, सुकू द्यायचा नाही, झाकण घट्ट लावायचं नाही. त्यांनाही प्राणवायू लागतो. वाळू ओलीच न्यायची. नव्या घरी नळाचं पाणी क्लोरीन मारायच्या थेंबांशिवाय टाकीत ओतायचं नाही.

आता शेवटची गंमत. कोलकात्याहून मासे येतात, तेव्हा दिवसभर बंद पिशवीत असतात. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी किंचित आम्लधर्मी होतं. अशा पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो, ते फारसं बाधत नाही. पण पिशवी उघडली की वायू उडून जातो, आम्लता उतरते आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर तशीच ठेवायची नसते. आपला प्रवास तासाभराचाही नाही, तरी पिशवी पंधरा मिनिटं बंदच तरंगवू, पाण्याचं तापमान जुळलं की मासे जाळीने सोडू.

आणि हो, आज रात्रीपासून त्यांना खाणं बंद. पोट रिकामं असलं की वाटेत अमोनिया कमी. नव्या घरी पहिला आठवडाभर चिमूटभरच, तेही मी घालीन. तू नाही, सोन्या. तुझी चिमूट मला ठाऊक आहे.